शेकडा दोन, पण कशाचे?

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, आजचं लिखाण आपल्याच घरातल्या काही जणांना झोंबणार आहे. क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर विमानाने फिरून आलेले, विमानतळावरच्या लाउंजमध्ये दोन रुपयांत जेवलेले, आणि त्याचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणारे भाचे-पुतणे, सुना-जावई ह्यांनी मन घट्ट करून वाचावं. तुमच्यावर माझा राग नाही. पण "काका, बँक फुकट देतेय, मग घ्यायला आपलं काय जातं?" हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि ते साफ खोटं आहे. बँक फुकट काही देत नाही. बँक दुसऱ्याच्या खिशातून काढून देते, आणि तो दुसरा म्हणजे पुष्कळदा आपल्याच गल्लीतला दुकानदार असतो.

कसं ते सांगतो. तुम्ही तीन हजारांचं सामान घेता, कार्ड यंत्राला लावता. तुमच्या कार्डावर तीन हजार चढतात. दुकानदाराच्या खात्यात मात्र तीन हजार जमा होत नाहीत. त्यातून साधारण दोन टक्के कापून उरलेले येतात. दर दुकानागणिक आणि कार्डागणिक बदलतो, कुठे दीड, कुठे अडीच, भारी कार्ड असेल तर आणखी वर. ह्या कपातीला मर्चंट डिस्काउंट रेट म्हणतात, थोडक्यात एमडीआर. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट आपल्याकडे नवी नाही. हुंडीच्या काळात पेढीवाला हुंडी वटवताना पैसे कापून घ्यायचा, त्याला वटाव म्हणत. हुंडणावळ हा शब्दही आमच्या आजोबांच्या तोंडी होता. डिस्काउंट म्हणजे तो वटाव. गंमत अशी की आज 'डिस्काउंट' म्हटलं की सामान्य माणसाला वाटतं, कोणाला तरी सूट मिळाली!

ह्या वटावाचे वाटेकरी तीन. ज्या बँकेने तुम्हाला कार्ड दिलं ती, ज्या बँकेने दुकानात यंत्र बसवलं ती, आणि मधली जाळेवाली कंपनी, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपलं रुपे. सगळ्यांत मोठा वाटा पहिल्या बँकेचा. त्याला इंटरचेंज म्हणतात. तुमचे पॉइंट, कॅशबॅक, लाउंजमधलं उप्पीट आणि कॉफी, हे सगळं मुख्यतः त्या वाट्यातून येतं. बँकेला शंभरातले दीड मिळाले की त्यातला अर्धा-पाऊण रुपया ती तुम्हाला परत देते आणि तुम्ही म्हणता, बँक किती चांगली! दुकानदाराचं नाव त्यात कुठेच येत नाही.

ही रीत मूळ अमेरिकेतली. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला, तेव्हा तो हॉटेलवाल्यांकडून बिलाच्या शेकडा सात घ्यायचा. त्याची बाजू समजू शकतो. तेव्हा सगळा कागदाचा कारभार, गिऱ्हाईक पैसे देईल की नाही ह्याची धास्ती क्लबच्या डोक्यावर, आणि कार्डवाले म्हणजे मोजके सूटबूटवाले. आपल्याकडे बँकेचं क्रेडिट कार्ड १९८०मध्ये सेंट्रल बँकेने आणलं. तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि असं काही कार्ड असतं हे मला ठाऊकही नव्हतं. आज देशात दहा कोटींहून जास्त क्रेडिट कार्डं आहेत आणि यंत्र वाण्याच्या गल्ल्यावर आलं आहे. हॉटेलातल्या मेजवानीसाठी निघालेला हिशेब आता वह्या-पुस्तकांना आणि तूरडाळीला लावला जातो आहे.

आता मुख्य मुद्दा. "दोन टक्के म्हणजे काय मोठं?" असं जे विचारतात, त्यांना मी फळ्यासमोर उभं करीन. शेकडेवारी शिकवताना मी मुलांना पहिला प्रश्न विचारायचो, शेकडा इतके, पण कशाचे? खरेदी किमतीचे की विक्री किमतीचे की नफ्याचे? वर्गातल्या निम्म्या मुलांची गाडी इथेच रुळावरून घसरायची. मोठ्या माणसांचीही घसरते. बँकेचे दोन टक्के विक्रीवर असतात. दुकानदाराची भाकरी मात्र नफ्यावर असते.

माझा एक जुना विद्यार्थी शालेय साहित्याचं दुकान चालवतो. वह्या, पाठ्यपुस्तकं, कंपासपेट्या, दप्तरं. जून महिना हा त्याचा सुगीचा. त्या दिवसांत एकदा मी त्याच्याकडे बसलो होतो. एका पालकाचं बिल झालं चार हजार सहाशे. ह्याने नम्रपणे विचारलं, "साहेब, यूपीआय केलंत तर बरं होईल." ते म्हणाले, "नाही हो, मला पॉइंट पाहिजेत." संपला विषय. कार्ड लागलं, चिठ्ठी निघाली. गर्दी ओसरल्यावर मी त्याला हिशेब करायला लावला, जुन्या सवयीने. ४६०० चे शेकडा दोन म्हणजे ९२ रुपये. बँकेच्या ह्या सेवेवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १६ रुपये ५६ पैसे. एकूण १०८ रुपये ५६ पैसे गेले. त्याला अशा मालावर सरासरीने शंभरामागे दहा सुटतात. म्हणजे ४६०० च्या विक्रीवर त्याची कमाई ४६० रुपये. ४६० मधून १०८. रुपयातले जवळजवळ चार आणे! आणि उरलेल्या बारा आण्यांतून दुकानाचं भाडं, वीज, मदतनीस मुलाचा पगार, ह्या यंत्राचं महिन्याचं भाडं, आणि मग काही राहिलं तर त्याचं घर.

तो हसून म्हणाला, "सर, बँक माझी बिनभांडवली भागीदार आहे." मला ते हसू काही बघवलं नाही.

ह्यात आणखी एक मेख आहे. पाठ्यपुस्तकांवर जीएसटी नाही, आणि सप्टेंबर २०२५पासून वह्यांवरही नाही. शिक्षण स्वस्त व्हावं म्हणून सरकारने हे केलं, चांगलंच केलं. पण विकलेल्या मालावर कर नाही म्हटल्यावर दुकानदाराला आपण भरलेल्या कराची वजावटही त्या मालापुरती मिळत नाही. म्हणजे बँकेच्या कपातीवरचा तो अठरा टक्के कर ह्याच्याच अंगावर राहतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या व्यापाऱ्याचं तेच. एवढं खरं की दोन हजार किंवा त्याखालच्या एका व्यवहारावर हा कर माफ आहे. पण जूनमध्ये दोन हजारांत कोणाच्या मुलाची वह्या-पुस्तकं होतात?

आणि ज्या मालावर कर आहे तिथे दुसरीच तऱ्हा. पाच हजारांचा मिक्सर, वर नऊशे जीएसटी, बिल ५९००. ह्यातले नऊशे दुकानदाराचे नाहीतच, तो ते सरकारसाठी गोळा करतो. पण दोन टक्के कापले जातात ते ५९०० वर. म्हणजे सरकारचा कर गोळा करून देण्याबद्दल ह्याने बँकेला अठरा रुपये द्यायचे. शाळेत फी गोळा करणाऱ्या शिक्षकाच्या पगारातून फीच्या शेकडा दोन कापले असते तर आमच्या संघटनेने मोर्चा काढला असता.

"मग दुकानदाराने किंमत वाढवावी" असं अर्थशास्त्र शिकलेली मंडळी सांगतात. वाढवणार कशी? आपल्याकडे बंद पाकिटातल्या मालावर छापील किंमत असते आणि तिच्यावर एक पैसा घेणं हा गुन्हा आहे. पाठ्यपुस्तकावर किंमत छापलेली. औषधांचं तर विचारूच नका. २०१३च्या औषध किंमत आदेशात यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा वाटा सोळा टक्के असा ठरवूनच दिला आहे. त्यात भर म्हणजे समोरचं मोठं दुकान दहा-पंधरा टक्के सूट देतं म्हणून ह्यालाही सूट द्यावी लागते. हॉटेलवाला डोशाचे पाच रुपये वाढवू शकतो, सराफ मजुरीत काही बसवू शकतो. किराणावाला, औषधवाला, पुस्तकवाला काय करणार? त्याच्यापुढे वरची किंमत छापलेली आणि खालून बँकेची कात्री.

म्हणून मग तो काय करतो? "पाचशेच्या खाली कार्ड चालणार नाही" अशी पाटी लावतो. किंवा "कार्डाला दोन टक्के जादा" म्हणतो. की लगेच आपली मंडळी चवताळतात. हा लुबाडतो, ह्याला कर चुकवायचाय, ह्याची तक्रार करायला पाहिजे. आणि तक्रार केली तर दुकानदारच अडचणीत येतो, कारण बँकेबरोबरच्या करारात गिऱ्हाइकाकडून जादा पैसे घ्यायला मनाई असते. डेबिट कार्डाच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने २०१३ साली स्पष्टच सांगितलं होतं की असे जादा पैसे घेता येणार नाहीत. ठीक आहे, नियम तर नियम. पण मग तो सगळ्यांना सारखा हवा.

आता बघा. वीजबिल ऑनलाइन भरणं निःशुल्क आहे असं महावितरण आपल्या पत्रकांतून सांगत आली आहे, आणि त्याच वाक्यात 'क्रेडिट कार्ड वगळून' असंही सांगते. म्हणजे सरकारी मालकीच्या एवढ्या मोठ्या कंपनीला क्रेडिट कार्डाचा वटाव परवडत नाही. ती तो बिल भरणाऱ्याकडून घेते. मी महावितरणला दोष देत नाही. तिचं बरोबरच आहे, ज्याला कार्ड वापरायचं त्याने खर्च द्यावा, माझ्यासारख्या यूपीआयने बिल भरणाऱ्याने का द्यावा? पण हेच वाक्य गल्लीतला दुकानदार बोलला की तो लुटारू कसा काय ठरतो?

पेट्रोलपंपांची गोष्ट तर आठवतच असेल. नोव्हेंबर २०१६मध्ये नोटाबंदी झाली, सगळ्यांना कार्डं वापरायला सांगण्यात आलं. जानेवारी २०१७मध्ये बँकांनी पंपचालकांना कळवलं की आता कार्डाच्या व्यवहारावर एक टक्क्यापर्यंत कपात होईल. पंपवाल्यांचं कमिशन लिटरमागे ठरलेलं, त्यात एक टक्का बसेना. त्यांनी जाहीर केलं, ९ जानेवारीपासून कार्ड बंद! एका दिवसात दिल्ली हलली. बँकांनी निर्णय १३ तारखेपर्यंत पुढे ढकलला, आणि तेवढ्यात सरकारने सांगून टाकलं की हा भार गिऱ्हाइकावर पडणार नाही आणि पंपचालकावरही पडणार नाही, बँका आणि तेल कंपन्यांनी आपसात बघून घ्यावं. छान झालं. पण पंपवाल्यांचं जे म्हणणं होतं, तेच शब्दशः वाण्याचं आणि पुस्तकवाल्याचं आहे. त्यांचाही नफा ठरलेला, त्यांच्याही हातात किंमत नाही. फरक एकच, त्यांनी कार्ड बंद केलं तर दिल्ली सोडाच, पेठेतलं कुत्रंही भुंकणार नाही. गिऱ्हाईक शेजारच्या मॉलमध्ये जाईल.

आणि मॉलला हा दर लागत नाही, बरं का. ज्याची उलाढाल मोठी तो बँकेशी घासाघीस करून दर कमी करून घेतो. वर बँकच त्याच्याबरोबर "अमुक कार्डावर दहा टक्के तात्काळ सूट" अशी जाहिरात करते. घासाघीस करायची ताकद ज्याच्यात नाही तो पूर्ण दर देतो. दर मोठ्यांना कमी आणि छोट्यांना जास्त, हा उफराटा न्याय बाजारात नवा नाही, हे मान्य. पण म्हणूनच तर वरती कोणीतरी पंच लागतो.

पंच आहे, रिझर्व्ह बँक आहे. आणि तिला हे जमत नाही असंही नाही. डेबिट कार्डाच्या वटावावर तिने २०१२ सालीच वरची मर्यादा घातली, दोन हजारांपर्यंत पाऊण टक्का आणि पुढे एक टक्का. जानेवारी २०१८पासून नवी रचना केली. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदाराला कार्ड यंत्रावर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि मोठ्याला ०.९० टक्के. बघा, छोट्याला कमी आणि मोठ्याला जास्त! असं उलटं करता येतं. केलं आहे. पण क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच घातलेली नाही. ऑगस्ट २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने देयक व्यवस्थेतल्या शुल्कांवर एक चर्चापत्र काढलं, त्यात क्रेडिट कार्डाच्या एमडीआरचं नियमन करावं का, असा प्रश्न विचारलेला आहे. प्रश्न विचारला, लोकांची मतं मागवली. पुढे त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मर्यादा काही आली नाही. परीक्षेचा पेपर काढून उत्तरपत्रिका तपासायच्या राहून गेल्या, असला प्रकार.

(जाता जाता. कार्डाचं बिल पूर्ण न भरणाऱ्यांकडून बँका महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज घेतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली सांगितलं होतं की वर्षाला तीस टक्क्यांच्या वर घेऊ नका. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केला. म्हणजे इकडे कार्डवाल्याच्या व्याजाला छत नाही आणि तिकडे दुकानदाराच्या वटावाला छत नाही. दोन्हीकडून उघडं घर.)

"अहो, जगात सगळीकडे असंच असतं" असं कोणी म्हणेल, तर नसतं. युरोपीय संघाने २०१५ साली कायदा करून इंटरचेंजला मर्यादा घातली. डेबिट कार्डाला ०.२ टक्के, क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के. लक्षात घ्या, हा पूर्ण वटाव नव्हे, फक्त कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा. पण सगळ्यांत मोठा वाटा तोच असल्यामुळे एकूण आकडाही खाली येतो. ह्या मर्यादेनंतर युरोपातली क्रेडिट कार्डं बंद पडली नाहीत, बँकाही बुडाल्या नाहीत. ज्या देशात दरडोई उत्पन्न आपल्या कित्येक पट आहे तिथला दुकानदार ह्या वाट्यापोटी शंभरावर तीस पैसे देतो, आणि आपल्याकडचा वाणी त्याच्या कित्येक पट देतो.

अमेरिकेत क्रेडिट कार्डाला अशी सरकारी मर्यादा नाही, डेबिटला आहे. तिथले दुकानदार व्हिसा-मास्टरकार्डविरुद्ध २००५पासून कोर्टात भांडत आहेत. तिथल्याच एका अभ्यासाचे आकडे मला विसरता येत नाहीत. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० साली हिशेब मांडला. दुकानदार कार्डाचा खर्च किमतीत मिसळतो, आणि ती वाढलेली किंमत रोख देणाराही भरतो. पॉइंट मात्र फक्त कार्डवाल्याला मिळतात. म्हणजे रोखीवाल्या घरातून वर्षाला सरासरी १४९ डॉलर निघतात आणि कार्डवाल्या घरात सरासरी १,१३३ डॉलर जातात. आणि रोखीने जगणारं घर कोणाचं असतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आपल्याकडे छापील किमतीमुळे थोडा भार दुकानदार सोसतो, आणि सुट्या मालात थोडा गिऱ्हाइकांवर वाटला जातो. त्या गिऱ्हाइकांत आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशीही आल्या. त्यांनी सुट्या साखरेचे जे चार-आठ आणे जादा मोजले त्यातून तुमच्या लाउंजमधली कॉफी आली, असं मी म्हटलं तर राग येईल. यावा.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकांगी लिहितो. कार्डाचा दुकानदाराला फायदा आहे. उधारीची वही जाते. "पुढच्या महिन्यात देतो" म्हणून गेलेलं गिऱ्हाईक तोंड चुकवून पलीकडच्या फुटपाथने जायला लागतं, ते दुःख फक्त दुकानदाराला ठाऊक. कार्डात पैसे बुडण्याची भीती बँकेची, पैसे एक-दोन दिवसांत खात्यात. खोट्या नोटेची भीती नाही, रात्री गल्ला घेऊन घरी जायची धास्ती नाही. चाळीस हजारांचा फ्रिज हप्त्यांवर विकला जातो तो कार्डामुळेच. ह्या सेवेची किंमत असावी, हे मला मान्यच आहे. शून्य मागणाऱ्यांपैकी मी नाही. शून्याचंही नाटक असतं. १ जानेवारी २०२०पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून काहीच घ्यायचं नाही असं ठरलं. त्याचा खर्च काय हवेत विरतो? मार्च २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने छोट्या दुकानदारांच्या यूपीआय व्यवहारांसाठी १,५०० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा ते आपल्या करातूनच गेले. निदान ते उघडपणे गेले, अर्थसंकल्पात दिसले, कोणाला आक्षेप असेल तर घेता आला.

माझं म्हणणं एवढंच की सेवेचा जो खरा खर्च असेल तो घ्या, वर थोडा नफाही घ्या. पण त्या वटावात पॉइंटांचा, मोफत तिकिटांचा आणि लाउंजचा खर्च घालू नका. पॉइंट ही बँकेने गिऱ्हाईक ओढण्यासाठी केलेली जाहिरात आहे. जाहिरात बँकेची, गिऱ्हाईक बँकेचं, आणि बिल पुस्तकवाल्याला? शेतमालाच्या अडतीवरून आपल्याकडे केवढं रान उठलं होतं. शेवटी जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने ठरवलं की भाजीपाला-फळांची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, माल घेणाऱ्याकडून घ्यायची. व्यापाऱ्यांनी संप केला, तो मिटला, बाजार पुन्हा सुरू झाले. मधल्या माणसाची मजुरी कोणी द्यायची हा प्रश्न उघडपणे भांडून सोडवता येतो, एवढंच मला त्यातून दाखवायचं आहे. कार्डाच्या बाबतीत भांडण होत नाही, कारण गिऱ्हाइकाला ही अडत दिसतच नाही. तुमच्या हातातल्या चिठ्ठीवर रक्कम असते, तारीख असते, कार्डाचे शेवटचे चार आकडे असतात. "ह्यातले दुकानदाराला इतके मिळाले, बँकांना इतके गेले" ही एक ओळ तिथे छापायला काय हरकत आहे? कागद तोच, शाई तीच. मर्यादा घालायला रिझर्व्ह बँकेला वेळ लागत असेल, तर ही ओळ तरी सक्तीची करावी. मला खात्री आहे, आपली माणसं वाईट नाहीत. १०८ रुपये ५६ पैसे हा आकडा डोळ्यांना दिसला असता तर त्या पालकांनी त्या दिवशी पॉइंटांचा हट्ट धरला नसता.

यूपीआय आलं आणि हा प्रश्न संपला, असं मानणाऱ्यांसाठी एक सूचना. २० सप्टेंबर २०२२पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंत त्यावर शुल्क नाही, त्याच्या वर आहे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच, तोच चौकोनी कोड, तोच 'पैसे मिळाले' म्हणून बोलणारा डबा (त्याचंही महिन्याचं भाडं असतं). पण खात्यातून आले तर पूर्ण येतात आणि कार्डातून आले तर कापून येतात. महिनाअखेरीला पत्रक बघितल्यावर दुकानदाराला कळतं, आणि ते पत्रक इंग्रजीत, बारीक अक्षरांत. माझ्या त्या विद्यार्थ्याने सरळ सांगितलं, "सर, मी बघायचं सोडून दिलं." शेकडेवारीत पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा होता तो.

थोरल्या भाचीला मी हे सगळं फोनवर ऐकवलं, तर तिचा प्रश्न असा की मग आम्ही खरेदी कशाने करायची ते एकदा सांग. सांगतो. मोठ्या साखळीच्या दुकानात आणि विमानाच्या तिकिटाला कार्ड खुशाल वापर, त्यांनी आपला दर आधीच ठरवून घेतलेला असतो. फ्रिज-टीव्ही हप्त्यांवर घ्यायचा असेल तर तिथेही वापर. गल्लीतला वाणी, औषधवाला, पुस्तकवाला, शिंपी, ह्यांना खात्यातून यूपीआय कर किंवा रोख दे. आणि तुझं रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा पैसे देताना पडद्यावर खातं निवडलंय की कार्ड, हे चष्मा लावून बघ आणि मगच पिन टाक.